कचऱ्याच्या ‘कंपोस्टेबल’ पिशव्या: सहा महिने मडक्यात पुरून बघितल्या, मग लिहितेय

रिव्ह्यू लिहायला उशीर झालाय, मान्य. पिशव्या मार्चमध्ये घेतल्या आणि आता गणपती पण होऊन गेले. पण जी वस्तू कुजते म्हणून विकली जाते तिच्याखाली दुसऱ्याच दिवशी "मस्त प्रॉडक्ट, डिलिव्हरी फास्ट" लिहून पाच स्टार देणाऱ्यांचं मला नवल वाटतं, अरे ती कुजली का नाही ते तर बघा आधी. ब्रँडची नावं मुद्दाम घेत नाहीये, कारण माझा प्रयोग म्हणजे बाल्कनीतला प्रयोग, त्याच्या जोरावर कुणाच्या धंद्याला नावं ठेवायची नाहीत. पाकीट नंबर एक आणि पाकीट नंबर दोन म्हणते.

मी बीएस्सी केमिस्ट्री केलं त्याला वीस वर्षं झाली, नंतर बँकेत चिकटले, त्यामुळे एस्टर म्हटलं की आता केळ्याचा इसेन्सच आठवतो. पण आमच्या बाल्कनीत तीन मजली मातीची मडकी आहेत ओल्या कचऱ्याची, वरचं भरलं की खाली सरकवायचं, सगळ्यात खालच्यातून खत काढायचं, हे चार वर्षं नीट चालू आहे. अडचण एकच, ओट्याजवळचा छोटा डबा. त्याला पिशवी लावली नाही तर तो रोज घासावा लागतो, आणि पूर्वी सासूबाई ब्रेडच्या पिशव्या जपून ठेवायच्या त्या लावायचो. मग म्हटलं एवढं सगळं करतोय तर पिशवीच खतात जाणारी आणू, पिशवीसकट मडक्यात टाकायचं, हात खराब व्हायला नकोत. ऑनलाइन ३० पिशव्यांचं पाकीट मागवलं २४० रुपयांना. सासूबाईंनी बिल बघितलं. "आठ रुपयांची पिशवी? आणि तीही कचऱ्याला?" त्यावर मी काही बोलले नाही कारण हिशोब बरोबर होता.

हे पाकीट नंबर एक. वापरायला कशी आहे ते आधी सांगते, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. हाताला मऊ लागते, साध्या पिशवीसारखी कुरकुर वाजत नाही, आणि नवीन रोल फोडला की मक्याच्या लाह्यांसारखा हलका वास येतो. तोंड उघडताना मात्र जीव खाते, बोटं ओली केल्याशिवाय सुटतच नाही. एक गोष्ट खरंच आवडली, आत पाणी साठून जो आंबूस वास कोंडतो तो हिच्यात कमी येतो, कारण ही वाफ थोडी थोडी बाहेर सोडते. पण त्याच कारणाने दुसऱ्या दिवशी तळ मऊ पडतो. कलिंगडाच्या साली टाकल्या आणि दोन दिवस विसरले, उचलल्यावर तळ डब्यातच राहिला आणि पिशवी माझ्या हातात. एक दिवसाचा कचरा असेल तर काही प्रॉब्लेम नाही, दोन दिवस ठेवायची सवय असेल तर घेऊच नका.

आणि हो, या पिशव्यांना एक्सपायरी असते! हे मला माहीतच नव्हतं. एक रोल सिंकखाली ओलाव्याला पडून होता तो जुलैत काढला तर प्रत्येक पिशवी उलगडतानाच चिरत गेली, शिळ्या पुरणपोळीसारखी. नवऱ्याचं म्हणणं माल खराब निघाला. मला उलट आनंद झाला, म्हणजे पाणी हिला खरोखर तोडतंय.

इथे जरा केमिस्ट्री सांगते, कंटाळा आला तर हा पॅरा सोडा. साध्या पिशवीचं पॉलिथीन म्हणजे कार्बनला कार्बन, कार्बनला कार्बन, अशी लांबच लांब साखळी, बॅक्टेरियाच्या एन्झाइमला धरायला कुठे हुकच नाही. कंपोस्टेबल पिशवीत बहुतेक वेळा दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, पीएलए म्हणजे मका किंवा उसाच्या साखरेपासून केलेल्या लॅक्टिक ॲसिडची साखळी, आणि पीबीएटी, जे बरंचसं पेट्रोलियमपासूनच बनतं पण कुजू शकतं. (इथे लोकांची गल्लत होते, झाडापासून बनलेलं म्हणजे कुजणारं आणि तेलापासून बनलेलं म्हणजे न कुजणारं असं काही नसतं, साखळीत कुठला बंध आहे त्यावर सगळं ठरतं.) दोन्हीत मधेमधे एस्टर बंध असतात. पाणी आणि उष्णता मिळाली की ते बंध सुटतात, साखळीचे लहान तुकडे होतात, आणि मग ते तुकडे जंतू खातात. पॉल अनास्तास आणि जॉन वॉर्नर यांनी १९९८ मध्ये ग्रीन केमिस्ट्रीची जी १२ तत्त्वं मांडली त्यातलं दहावं हेच आहे, वस्तू बनवतानाच अशी बनवा की काम संपल्यावर तिचे निरुपद्रवी तुकडे व्हावेत. कल्पना झकास आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार उष्णतेबद्दल आहे. पीएलएची साखळी साधारण ५५ ते ६० डिग्रीच्या खाली काचेसारखी ताठ असते, पाण्याला आत शिरायला वाव कमी, म्हणून तुटायचं काम रखडत चालतं. आपल्याकडे कंपोस्टेबल पिशवी विकायची तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं सर्टिफिकेट लागतं आणि आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात बसावं लागतं. त्या टेस्टमध्ये माल ५८ डिग्रीच्या आसपास ठेवतात, १८० दिवसांत त्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हायला हवा, आणि १२ आठवड्यांनी २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांपेक्षा जास्त उरता कामा नये. परीक्षा कडक आहे. पण ५८ डिग्री! पाकिटाच्या मागे अगदी मुंगीच्या अक्षरात लिहिलंय की इंडस्ट्रियल कंपोस्टिंगमध्येच कुजेल, आणि पुढच्या बाजूला तळहाताएवढं हिरवं पान, कुंडी, आणि कुंडीत हसणारं रोप. मागचं खरं आहे आणि पुढचं खोटं म्हणता येणार नाही इतपत चतुर आहे.

माझ्या मडक्यात किती गरम होतं? केकसाठी घेतलेलं सळईचं थर्मामीटर खुपसून बघितलं (आता ते केकला वापरत नाही, विचारू नका). एरवी ३४ ते ३८. एकदा गूळ-ताकाचं पाणी शिंपडून भरपूर हिरवा पाला टाकला तेव्हा ४७ पर्यंत गेलं, दोन दिवस टिकलं आणि उतरलं. मडकं लहान, पोटात ढीग छोटा, उष्णता बाहेर पळून जाते. याच्यावर काही इलाज नाही.

आता पाकीट नंबर दोन. हे कोपऱ्यावरच्या दुकानातलं, ८० रुपयांत ३० पिशव्या, वर ‘१०० टक्के बायोडिग्रेडेबल’ आणि ‘इको’ आणि परत एक पान. सर्टिफिकेट नंबर कुठेच नाही, कंपोस्टेबल हा शब्द नाही. दुकानदाराला विचारलं तर "मॅडम, पर्यावरणवाली आहे, बंदीत येत नाही." महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ ला प्लास्टिकबंदी आल्यापासून हे वाक्य मी इतक्या दुकानांत ऐकलंय की आता मोजणं सोडलंय.

घरी एक सोपी परीक्षा करता येते, ती सगळ्यांनी करून बघा. पिशवीचा नखाएवढा तुकडा कापायचा, पाण्याच्या ग्लासात टाकायचा, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालायचा आणि चमच्याने बुडवून त्याला चिकटलेले बुडबुडे काढायचे. साबण का, तर पातळ तुकडा पाण्याच्या पृष्ठताणावर उगाच तरंगत राहतो आणि आपण फसतो. पॉलिथीन पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर येतं, पीएलए आणि पीबीएटी दोन्ही जड, पाण्याच्या सव्वापटीच्या आसपास, ते तळाला बसतात. नंबर एक बसली. नंबर दोन चमचा काढल्याबरोबर बुचासारखी वर. पण यात एक पळवाट आहे, पॉलिथीनमध्ये भरपूर चुनखडीची पावडर भरली तर तेही बुडतं, तेव्हा तरंगली तर नक्की खोटी, बुडली तर बहुतेक खरी, एवढंच म्हणायचं.

माझी एक मैत्रीण कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, तिच्याकडे दोन्ही पट्ट्या घेऊन गेले. तिने फ्यूम हूडमध्ये (लॅबमधलं वाफा ओढून घेणारं कपाट) दोन टेस्ट ट्यूबमध्ये डायक्लोरोमिथेन घेतलं, हे सॉल्व्हंट पीएलए-पीबीएटी विरघळवतं पण पॉलिथीनला नाही, आणि पट्ट्या सोडल्या. नंबर एक आधी फुगली, मग साबुदाण्याच्या खिचडीतल्या जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखी चिकट पारदर्शक झाली आणि हलवल्यावर दुधाळ द्रवात नाहीशी झाली. नंबर दोन ढिम्म. बाहेर काढून पुसली, वरचं पान पुसट झालं होतं, बाकी तशीच. मैत्रीण हसत म्हणाली, "ग्रीन केमिस्ट्रीची पिशवी ओळखायला लॅबमधलं सगळ्यात अनग्रीन सॉल्व्हंट वापरलंस बघ." हे घरी अजिबात करू नका, ते विषारी असतं, ग्लासवाली परीक्षा पुरे.

तर मुख्य प्रयोग. दोन्ही पिशव्यांचे १० बाय १० सेंटीमीटरचे चौकोन कापले, तेवढाच वर्तमानपत्राचा एक, आणि प्रत्येक वेगवेगळ्या कांद्याच्या जाळीत घालून मडक्यात पुरले. कांद्याची जाळी अशासाठी की तिचं काही होणार नाही याची मला शंभर टक्के खात्री होती.

वर्तमानपत्र तीन आठवड्यांत शोधूनही सापडलं नाही, जाळीत नुसती काळी माती. नंबर एक सहा आठवड्यांनी काढली तर जशीच्या तशी, फक्त पिवळट आणि मऊ. तीन महिन्यांनी भोकं पडली होती, दोन बोटांत धरून ओढली की ओल्या पापडासारखी तुटत होती. सहा महिन्यांनी, म्हणजे मागच्या आठवड्यात, जाळी मोठ्या ताटात उलटी केली आणि खुरपीच्या टोकाने वेचत बसले, नखाएवढे तेवीस तुकडे निघाले. त्यातल्या एकावर छापलेल्या हिरव्या पानाचा देठ स्पष्ट दिसत होता, पिशवीपेक्षा शाई चिवट निघाली. नंबर दोन? धुतली, पुसली, नवऱ्याने तिच्यात पाणी भरून दाखवायचा प्रयत्न केला पण चौकोनात पाणी कसं भरणार, एवढंच काय ते अपयश. जशी पुरली तशी निघाली.

हा नुसता माझ्याच मडक्याचा दोष नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजवाल्यांनी ब्रिटनभर लोकांना घरच्या कंपोस्टमध्ये असलं प्लास्टिक टाकून बघायला सांगितलं होतं, २०२२ मध्ये निष्कर्ष आले, त्यात ‘होम कंपोस्टेबल’ असं सर्टिफिकेट असलेल्या वस्तूंपैकीसुद्धा ६० टक्के पूर्ण कुजल्या नव्हत्या. आणि त्याआधी २०१९ मध्ये प्लायमाउथ युनिव्हर्सिटीच्या इमोजेन नॅपर आणि रिचर्ड थॉम्पसन यांनी तर वेगवेगळ्या पिशव्या तीन वर्षं माती, समुद्र आणि उघड्या हवेत ठेवल्या होत्या, त्यातली कंपोस्टेबल पिशवी समुद्रात तीन महिन्यांत गायब झाली, पण तीच मातीत २७ महिन्यांनी पण होती, फक्त वजन पेलत नव्हती. आणि ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिलेली पिशवी तीन वर्षं मातीत आणि समुद्रात राहून बाजाराचं सामान उचलू शकत होती. हे वाचल्यावर माझ्या नंबर दोनबद्दलचा राग जरा कमी झाला, म्हटलं ही जागतिक परंपरा आहे.

पण नंबर एकवर अन्याय नको. समोरच्या सोसायटीत जाळीच्या विटांचे मोठे हौद आहेत, सव्वाशे फ्लॅटचा ओला कचरा, बागेचा पाला आणि लाकडाचा भुसा थर देऊन टाकतात. तिथे हे सगळं बघणारे जे काका आहेत ते रिटायर्ड इंजिनियर, रोज सकाळी सळई खुपसून वहीत तापमान लिहितात. त्यांना म्हटलं काका माझी एक पिशवी पुराल का, तर ते इतके खूश झाले की चहा पाजला. त्यांच्या हौदात मधोमध ६१, ६२ लागतं, हात घातला तर चटका बसतो. मेच्या सुरुवातीला अख्खी पिशवी जाळीत घालून पुरली, दर शनिवारी ढीग उलटा करताना बघायचे. पाचव्या आठवड्यात त्यांनी फोटो पाठवला, जाळीत चार चिंध्या. सातव्या आठवड्यात रिकामी जाळी हातात धरून काकांचा सेल्फी. म्हणजे पिशवी खोटी नाही हो. तिला घर चुकीचं मिळालं.

आणि आता खरी गंमत. काकांसारखे हौद किती सोसायट्यांत आहेत? बाकी सगळ्यांची पिशवी जाते कचऱ्याच्या गाडीत. आमच्याकडे कचरा घ्यायला ज्या मावशी येतात त्यांना मी मोठ्या अभिमानाने पिशवी दाखवली, ही खतात जाते म्हणून. त्यांनी नेहमीप्रमाणे गाठ फाडली, कचरा हिरव्या ड्रममध्ये ओतला, पिशवी झटकून बाजूला टाकली. "ताई, कसली बी असंना, आम्हाला ती रिकामीच करावी लागती. हातात घेऊन काय कळतंय कुठली कुजती नि कुठली नाही? एक चुकली की अख्खी गाडी परत करतात." बरं, सुक्याच्या ढिगात ती पडली की भंगारवाल्याची पण पंचाईत, साध्या प्लास्टिकमध्ये ही मिसळली तर वितळवताना माल बिघडतो. म्हणजे ज्या पिशवीसाठी आठ रुपये दिले ती ओल्यातही नको आणि सुक्यातही नको, ना घर का ना घाट का. शेवटी जाणार कुठे, तर पुण्याजवळच्या उरुळी-फुरसुंगीसारख्या कुठल्या तरी कचऱ्याच्या डोंगरात, आणि तिथे पोटात ना हवा ना नीट उष्णता. त्या मावशींना मला खरं तर आधी विचारायला हवं होतं, २४० रुपये वाचले असते.

स्टार द्यायचेच तर: नंबर एकला ५ पैकी ३. एक स्टार तळ सुटतो म्हणून कापला आणि एक पाकिटावरच्या त्या हसणाऱ्या कुंडीसाठी. मागची ओळ पुढे छापली असती तर चार दिले असते. सोसायटीत मोठा, गरम होणारा हौद असेल आणि पिशव्या थेट त्यातच पडणार असतील तर बिनधास्त घ्या, हौद सांभाळणाऱ्याला आधी विचारून. नंबर दोनला शून्य, शून्याखाली द्यायची सोय नाही म्हणून शून्य. त्यापेक्षा साधी काळी पिशवी बरी, ती निदान पान छापून आपल्याला येडं बनवत नाही.

घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी बघा. ‘बायोडिग्रेडेबल’ वर जाऊ नका, ‘कंपोस्टेबल’ हा शब्द आणि सर्टिफिकेट नंबर शोधा. तयार झाल्याची तारीख बघा, जुना स्टॉक सेलमध्ये स्वस्त देतात तो हातातच चिरतो, आणि एका वेळी वर्षभराची भरती करू नका, पावसाळ्यात तर नाहीच. साईझ १७ बाय १९ इंचाची पुरते ओट्याजवळच्या डब्याला, १९ बाय २१ ची घेतली तर आपण ती भरेपर्यंत थांबतो आणि मग तळ सुटतो.

आमच्याकडे आता सासूबाईंनी जुन्या वर्तमानपत्राचे खोके करायला घेतलेत, दुपारी मालिका बघताना आठ-दहा करून ठेवतात, तळाशी दुहेरी घडी, एका दिवसाचा कचरा आरामात धरतो आणि खोक्यासकट मडक्यात. चहाचा चोथा आधी गाळून पिळून घ्यावा लागतो नाहीतर तोही गळतो, हे सांगायला हवं. ते तेवीस तुकडे मी परत मडक्यात टाकलेत, दिवाळीला बघू. कांद्याच्या तिन्ही जाळ्या धुऊन दांडीवर वाळत घातल्यात, एक टाकासुद्धा उसवलेला नाही, आता त्यात ते चहाचे कागदी कप पुरायचेत, आतून चकचकीत अस्तर असतं ते.